गाडीचं बॉनेट आपणच उघडू या

पापड, शेवया, कर्जाचे हप्ते, बँकेचं लिंकेज यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे गाडीवर. हल्ली बऱ्याच गटांकडे माल ने-आण करायला छोटी गाडी असते, नाहीतर कुणा सभासदाच्या घरची गाडी गटाच्या कामाला लागते. गाडीच्या खर्चाचा विषय बैठकीत निघाला की मात्र सगळ्याजणी गप्प होतात. हिशेब लिहिणाऱ्या ताईंकडे बिल असतं, पण त्या बिलात काय लिहिलं आहे हे कुणालाच सांगता येत नाही. "सर्व्हिसिंग केलं, एवढे झाले," एवढंच रजिस्टरला चढतं.

आम्ही नवी मुंबईच्या कडेला, पनवेल तालुक्यातल्या गावांमध्ये गटांचं काम पाहतो. आमच्या एका गटाचा आगरी-कोळी मसाल्याचा धंदा आहे. बारा सभासद, महिन्याची बचत प्रत्येकी २०० रुपये. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून मिरची, धणे, खडा मसाला आणायचा, उन्हात वाळवायचा, कांडपाला न्यायचा आणि खारघर-बेलापूरच्या सोसायट्यांमध्ये पोचवायचा. हे सगळं एका जुन्या छोट्या मालवाहू गाडीवर चालतं. गटातल्या दोघी ती चालवतात. मसाल्याचा खरा हंगाम मार्च ते मे. त्यात गाडी चार दिवस उभी राहिली तर मिरची गोणीतच राहते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. म्हणून गाडीचं दुखणं हे आमच्यासाठी घरातल्या माणसाच्या दुखण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

गेल्या हंगामाच्या आधी ही गाडी सर्व्हिसिंगला एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दिली होती. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशा गोष्टी अनेक ठिकाणी घडतात. सकाळी काचेच्या टेबलामागच्या मुलाने अंदाज सांगितला ५,४०० रुपये. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी. संध्याकाळी हातात बिल आलं ११,८६० रुपयांचं. म्हणजे ६,४६० रुपये जास्त. आमच्या बारा जणींची अडीच महिन्यांहून जास्त बचत एका दिवसात वाढली!

आमच्या गटाच्या खजिनदार ताई दहावी झालेल्या आहेत, पण बँकेचं पासबुक त्या ओळीओळीने वाचतात. तसंच त्यांनी हे बिल वाचलं. इंजिन फ्लश ६५०. एसी ट्रीटमेंट १,१५०. थ्रॉटल बॉडी साफ करणं १,२००. पेट्रोलमध्ये टाकायचं औषध ४८०. गाडीच्या पोटाला गंज न लागण्याचं कोटिंग २,८००. आणि शेवटी 'कन्झ्युमेबल्स' १८०. ताईंनी शांतपणे विचारलं, "दादा, आमच्या गाडीला एसीच नाही, मग ट्रीटमेंट कशाला केली?"

तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ते पॅकेजमध्ये येतं."

मग ताईंनी मोबाइलची बॅटरी लावली आणि वाकून गाडीच्या खाली पाहिलं. मागच्या पावसाळ्यातला चिखल जसाच्या तसा वाळून चिकटलेला होता. चिखलावर कोटिंग कोण करतं? तासभर बोलणं झालं. मोठे साहेब आले. शेवटी थ्रॉटल बॉडी खरोखर साफ केली होती हे आम्हाला उघडून दाखवलं, ती रक्कम आम्ही दिली. बाकीच्या ओळी काढून टाकल्या. बिल झालं ६,६०० रुपये.

यात आरडाओरडा नव्हता की भांडण नव्हतं. जॉब कार्डवर काय लिहिलं होतं आणि बिलावर काय आलं, एवढंच ताईंनी शेजारी ठेवून दाखवलं. गटाच्या बैठकीत ठराव एक आणि खर्च दुसराच झाला तर आपण जे विचारतो, तेच इथे विचारलं.

आता असं का होतं ते बघू. सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्याशी बोलतो तो मुलगा गाडी दुरुस्त करत नाही. त्याला सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतात. गाडीला हात लावणारा मिस्त्री आत असतो आणि त्याची-आपली भेट होऊ देत नाहीत. ही सगळ्यात मोठी अडचण आहे. आपण "गाडी चढणीला ओढत नाही" असं सांगतो, तो कॉम्प्युटरवर तीन शब्द टाइप करतो, आणि मिस्त्रीच्या हातात पोचतं ते काहीतरी तिसरंच. बऱ्याच ठिकाणी या मुलांना जादा कामं विकण्याचं टार्गेटही असतं. शिवाय जागा मोठी, मशिनरी महाग, माणसं शिकवलेली. त्याचा खर्च मजुरीत येणारच, आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. तेवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे. आपली तक्रार महाग असण्याबद्दल नाही, न विचारता केलेल्या आणि न केलेल्या कामाबद्दल आहे.

दुसरी भीती असते वॉरंटीची. "बाहेर कुठे बॉनेट उघडलं तर वॉरंटी जाईल" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. या वाक्यावर आपल्या देशात मोठा खटला झालेला आहे, तो माहीत असू द्या. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे अर्ज केला. म्हणणं असं, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि गाडी तपासायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला महागड्या सर्व्हिस सेंटरशिवाय पर्याय उरत नाही. सुरुवात तीन कंपन्यांपासून झाली, चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आपल्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्यात होत्या. कंपन्या दंडाविरुद्ध अपिलात गेल्या, ती लढाई वरच्या न्यायालयापर्यंत लांबली.

आपल्याला दंडाच्या आकड्यापेक्षा त्या आदेशातली एक गोष्ट उपयोगाची आहे. आयोगाने म्हटलं, की बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. साध्या भाषेत सांगायचं तर वायपर बाहेर बदलला म्हणून इंजिनाची वॉरंटी नाकारणं हे त्या विचारात बसत नाही. काउंटरवर कुणी असं म्हणालं तर वाद घालू नका. "कोणत्या कलमाखाली नाकारता ते लिहून, सही-शिक्क्यासह द्या," एवढंच म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की बोलणं पुष्कळदा बदलतं.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्यात चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं सरकारी पोर्टलही सुरू झालं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि वॉरंटीच्या अटी ग्राहकाला एका ठिकाणी दाखवाव्यात, हा त्यामागचा विचार. ट्रॅक्टर, पंप, मिक्सर याबद्दल तक्रार असलेल्या गटांनीही हे लक्षात ठेवा.

तरीही आमचा सल्ला असा आहे की गाडी वॉरंटीत असेल तोवर ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरला वेळेवर करा आणि प्रत्येक बिल फाइलला लावा. फ्री सर्व्हिस म्हणजे सगळं फुकट, असं मात्र समजू नका. सहसा मजुरी फुकट असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतात. आणखी एका कामासाठी कंपनीकडे जायलाच हवं. कधीकधी एखाद्या मॉडेलमध्ये कारखान्यातलाच दोष निघतो आणि कंपनी त्या गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून देते. १ एप्रिल २०२१ पासून यासाठी सरकारचे नियमही आहेत. जुनी गाडी घेतली असेल तर कंपनीला जुन्या मालकाचा पत्ता माहीत असतो, तुमचा नाही. म्हणून आरसी बुकवरचा चॅसी नंबर सांगून एकदा कंपनीच्या फोनवर विचारून घ्या.

आता बॉनेट उघडू या. काही छोट्या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथे सीट उचलावी लागते. आमच्या दोघी चालक-सभासदांनी गल्लीतल्या एका मेकॅनिकमामांकडे चार रविवार बसून हे शिकून घेतलं. मामांना आधी हसू आलं. मग म्हणाले, "पोरींनो, सहा शिलाई मशिन उघडता, तर हे काय अवघड आहे?" खरंच आहे ते. ज्या बाईला शिलाई मशिनला तेल कुठे घालायचं ते कळतं, कुकरची शिटी आणि रिंग बदलता येते, तिला गाडीतली निम्मी किरकोळ कामं जमतात.

पहिलं काम ऑइल बघायचं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा म्हणजे ऑइल खाली उतरतं. ऑइल बघायची पट्टी बाहेर ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून बघा. पट्टीवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मधे हवं. कमी असेल तर पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडंथोडं घालून परत बघा. खुणेच्या वर भरणंही वाईटच. ऑइल काळं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, काम करणारं ऑइल काळं होतंच. पण ते दुधाच्या चहासारखं दिसू लागलं तर गाडी चालू करू नका, त्यात पाणी मिसळलं असण्याची शक्यता असते.

दुसरं कूलंट. इंजिन थंड ठेवणारं हे रंगीत पाणी एका अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या टाकीत दिसतं, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा रेघा असतात. बाहेरूनच दिसतं, झाकण उघडायची गरज नाही. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही, अगदी कधीही उघडू नका. आत वाफेचा दाब असतो, कुकरची शिटी न काढता झाकण उघडल्यासारखं होतं. तोंड-हात भाजल्याच्या घटना होतात. कमी पडलं म्हणून दर वेळी बोअरचं पाणी ओतू नका. बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तसाच तो इंजिनच्या आतल्या वाटांना धरतो.

तिसरं एअर फिल्टर. आमच्या भागात याचं महत्त्व फार. तुर्भे-पावणे पट्ट्यातल्या दगडखाणींची धूळ, विमानतळाच्या आणि नव्या रस्त्यांच्या कामासाठी धावलेले डंपर, उलव्याकडची बांधकामं. पुस्तकात लिहिलेले किलोमीटर होईपर्यंत आमचा फिल्टर कधीच टिकत नाही. काळी पेटी शोधा, क्लिपा काढा, आतला कागदी फिल्टर बाहेर घ्या. उलटा करून हाताने हलकेच झटका. धुवायचा नाही, कागद आहे. उन्हाकडे धरून बघा, उजेड दिसत नसेल तर बदला. पेटी आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि फिल्टर होता त्याच बाजूने बसवा. दहा मिनिटांचं काम. फिल्टर चोंदला की गाडीचा दम कमी होतो आणि इंधन जास्त लागतं. ही तक्रार घेऊन गेलं की इंजेक्टर साफ करण्यापासून सुरुवात होते.

चौथं बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते आणि मग सकाळी गाडी नुसती टक-टक करते. इंजिन बंद, किल्ली बाहेर. हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, धातू दोन्ही टोकांना लागला तर ठिणगी उडते. आधी वजा खुणेची वायर सोडवा, मग अधिकची. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडं करा. बसवताना उलटं: आधी अधिक, शेवटी वजा. वर थोडं व्हॅसलिन लावा. खाडीच्या खाऱ्या हवेत हे आम्हाला दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं, घाटावरच्या मैत्रिणींना इतकं लागणार नाही.

टायरची हवा गाडी थंड असताना, म्हणजे फार न चालवता, बघायची. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर पुस्तकात लिहिलेलं असतं. मालाची गाडी असेल तर भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की १.६ मिलिमीटरची हद्द संपली, मग टायर बदलायलाच हवा. आपल्याकडच्या पावसात, सायन-पनवेल रस्त्यावर पाणी साचलेलं असताना गुळगुळीत टायर किती घसरतो हे वेगळं सांगायला नको. वायपरचं रबरही मेच्या शेवटी बदलून घ्या, पहिल्या पावसाची वाट बघू नका.

फ्यूज उडाला तर हॉर्न, दिवा, वायपर यातलं एखादं अचानक बंद पडतं. फ्यूजची पेटी स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटखाली असते, झाकणावर नकाशा असतो. जळलेल्या फ्यूजमधली तार तुटलेली दिसते. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. लाल असेल तर १०, निळा १५, पिवळा २०. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातला तर वायरिंग पेट घेऊ शकतं. परत परत उडाला तर दोष दुसरीकडे आहे, मेकॅनिकला दाखवा.

आणि स्टेपनी. ती बदलता येणं म्हणजे रात्री रस्त्यात अनोळखी माणसाची वाट न बघणं. हँडब्रेक ओढा, समोरासमोरच्या दुसऱ्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक लावा. नट घट्ट असतील तर पान्याच्या लांब टोकावर पायाने दाब द्या, आपलं वजन पुरतं. बसवताना नट एकासमोर एक असे आवळा, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा आवळा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही.

घरी काय करायचं नाही तेही पक्कं करू. ब्रेक, स्टिअरिंग आणि सीएनजी या तीन गोष्टींना आम्ही हात लावत नाही. ब्रेकच्या तेलाची छोटी टाकी फक्त बघतो. पातळी खाली गेली असेल तर ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे, वरून ओतून प्रश्न सुटत नाही. सीएनजीचा वास आला तर गाडी मोकळ्यावर थांबवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, कुठलंही बटण दाबू नका. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, तिची तारीख पाटीवर असते आणि पंपावर ती बघतात. ही टेस्ट मान्यताप्राप्त ठिकाणीच करा. इथे पैसे वाचवायला बघू नका.

घरी आणि सर्व्हिस सेंटर यांच्या मधे असतो आपला गल्लीतला मेकॅनिक. त्याचा मोठा फायदा हा की जो ऐकतो तोच दुरुस्त करतो. आमच्या गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा एकदा लागला. सर्व्हिस सेंटरने सेन्सर बदलावा लागेल, सहा हजारांच्या आसपास होतील, असं सांगितलं. मेकॅनिकमामांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला. मोबाइलवर कोड आला, पी ०१७१. त्याचा अर्थ इंजिनात हवा जास्त आणि इंधन कमी जातंय. कोड आजार सांगत नाही, ताप आहे एवढंच सांगतो, असं मामांचं म्हणणं. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेक पाइप हाताने चाचपला आणि चिरलेला रबरी पाइप दाखवला. पाइप आणि मजुरी मिळून ३५० रुपये झाले. असे स्कॅनर आता बाजारात काही शे रुपयांपासून मिळतात. दोन-तीन गटांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

पण गॅरेजवाला भाऊ ओळखीचा आहे म्हणून डोळे मिटून विश्वास टाकू नका. डुप्लिकेट पार्टचा बाजार मोठा आहे. ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडू द्या. पार्टचं खोकं बघा, त्यावर एमआरपी आणि पार्ट नंबर छापलेला असतो. शक्य असेल तर पार्ट स्वतः दुकानातून आणा आणि त्याला फक्त मजुरी द्या. काढलेला जुना पार्ट मागून घ्या, मग ते गॅरेज असो की काचेचं शोरूम. बिल मात्र इथेही घ्या, साध्या पावतीवर का होईना, तारीख आणि किलोमीटर टाकून. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू देऊ नका. आमच्याकडे गटारातलं पाणी शेवटी खाडीत जातं, आणि खाडीवर गटातल्या निम्म्या घरांची मासळी अवलंबून आहे.

सर्व्हिस सेंटरला जाताना आमच्या दोघीजणी आता एक कागद घेऊन जातात. त्यावर तक्रारी मराठीत क्रमाने लिहिलेल्या असतात: कधी आवाज येतो, थंड असताना की गरम, चढणीला की ब्रेक मारताना. तो कागद जॉब कार्डला जोडायला सांगतात. जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहितात, "यापेक्षा जास्त काम फोन करून होकार घेतल्याशिवाय करू नये." किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा फोटो काढतात. गाडी घेताना बिल आणि जॉब कार्ड शेजारी ठेवून वाचतात, मगच पैसे देतात. या सगळ्याला पंधरा मिनिटं जास्त लागतात. टेबलामागच्या मुलांनाही आता सवय झाली आहे, ते स्वतःच विचारतात, "ताई, कागद कुठाय?"

गटाच्या गाडीला एक वेगळी वही ठेवा. शंभर पानी पुरते. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं, किती गेले. घरी केलेलं कामही लिहा, शून्य रुपये म्हणून. आमच्या वहीत गेल्या वर्षात शून्य रुपयांच्या सव्वीस नोंदी आहेत. गाडी विकायची वेळ आली तर घेणारा आधी ही वही बघेल.

एवढं करूनही फसवणूक झाली तर? आधी सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथेही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. समोरचा पक्ष म्हणेल, की ही धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही. तेव्हा सांगा, की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी वापरात धरत नाही. गटाच्या नावावरच्या गाडीबाबत अर्ज देण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत कागद दाखवून घ्या, तिथे महिलांना सल्ला मोफत मिळतो.

जॉब कार्डवर लिहायचं वाक्य आणि वहीचे रकाने पुढच्या बैठकीत फळ्यावर लिहून घ्या. तुमचे प्रश्न नेहमीसारखे गटाच्या सचिवांकडे द्या. रिक्षा आणि ट्रॅक्टरबद्दलचे वेगळ्या कागदावर लिहा, त्यांवर पुढच्या महिन्यात मेकॅनिकमामाच बोलणार आहेत.